बालाघाटावरचे आकाश आणि बार्लोचे भिंग

बीड जिल्ह्याचा पूर्ववृत्तान्त लिहिणाऱ्यांनी पाण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण सह्याद्रीने अडवलेले मेघ जिथे पोहोचेपर्यंत रिते होतात, जिथे निजामशाहीतल्या खजाना विहिरीची रचना आजही विस्मयाने पाहिली जाते आणि जिथून दरसाल दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी घाट उतरून जातात, त्या मुलखाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र पाणीच असणार. परंतु ज्या अनावृष्टीने या भूमीला दारिद्र्य दिले तिनेच तिला एक अशी संपत्ती दिली आहे की जिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही आणि जिच्यावर कोणत्याही राजवटीने महसूल बसवला नाही. ती संपत्ती म्हणजे वर्षातले बहुतेक महिने निरभ्र राहणारे, गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकताच तारकांनी भरून जाणारे आकाश. या आकाशाकडे पाहण्याची साधने इथवर कशी आली, किंबहुना मोठी साधने इथे का आलीच नाहीत, आणि अखेर एका लहानशा अंतर्गोल भिंगाने ती उणीव कितपत भरून काढली, हा माझ्या या लेखाचा विषय आहे.

प्रारंभ भास्कराचार्यांपासून करणे क्रमप्राप्त आहे. शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये, जन्मलेल्या आणि वयाच्या ३६ व्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचणाऱ्या या महापंडितांनी आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले ‘विज्जडविड’ असल्याचे सांगितले आहे. आणि हे विज्जडविड म्हणजेच आजचे बीड, असे एक मत दीर्घकाळ मांडले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी चाळीसगावनजीकच्या पाटण येथील शिलालेख १८६५ साली प्रकाशात आणल्यानंतर मात्र पारडे खानदेशाकडे झुकले. कारण त्या लेखात आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले तेव्हा त्याने आचार्यांचे गाव बेदर सांगितले, तो आणखी तिसरा पक्ष. माझ्या मते पाटणचा पुरावा बलवत्तर आहे, आणि बीडकरांनी या वादात हट्ट धरण्याचे कारण नाही. आचार्यांचा वारसा जन्मस्थानाच्या दाखल्याने मिळत नसतो. तो त्यांच्या यंत्राध्यायातून मिळतो, जिथे शंकू, घटी, चक्र, चाप, फलक अशा यंत्रांचे वर्णन केल्यावर ते सर्वांत श्रेष्ठ स्थान बुद्धिरूपी यंत्राला देतात, आणि हातात एक साधी काठी असली तरी बुद्धिमान मनुष्य तिच्या साहाय्याने उंची व अंतर मोजू शकतो असे दाखवून देतात. साधन अल्प असले तरी त्याचे सामर्थ्य गणिताने वाढवता येते, हा तो विचार. पुढे ज्या भिंगाविषयी लिहावयाचे आहे त्याचाही पाया नेमका हाच आहे.

आकाशाशी या जिल्ह्याचा दुसरा संबंध लोकाचारातला आहे. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या तीरावर पुरुषोत्तमपुरी नावाचे क्षेत्र आहे; यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा ताम्रपट इथलाच, आणि इथल्या पुरुषोत्तमाच्या देवळात खरी गर्दी लोटते ती अधिक मासात. बारा चांद्र महिने मिळून ३५४ दिवस होतात आणि सौर वर्ष ३६५ दिवसांहून किंचित मोठे, म्हणून दर १९ वर्षांत सात महिने अधिक धरावे लागतात. चंद्रसूर्यांच्या गतीतली ही तफावत ज्या यात्रेचे निमित्त होते ती यात्रा म्हणजे खगोलगणिताने नेमून दिलेला उत्सवच होय. नदीत स्नान करून दर्शनाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला हे गणित मांडता येत नसेल, पण अधिक महिना केव्हा येतो हे तिला पक्के ठाऊक असते.

आता दुर्बिणीकडे वळू. २२ जानेवारी १८९८ रोजी, शके १८१९ च्या पौष अमावास्येला, भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राच्या छायेचा पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ भूमीवर चढला आणि ईशान्येकडे सरकत वऱ्हाड व मध्यप्रांताकडे गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी होती. करमाळा तालुक्यातील जेऊर येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनी आपापले तळ ठोकले होते. वर्धा नदीच्या परिसरात तळणी आणि पुलगाव येथे आणखी तुकड्या होत्या. नकाशावर जेऊर आणि पुलगाव यांना जोडणारी रेषा ओढून पाहावी: ती थेट बीड जिल्ह्याच्या अंगावरून जाते. म्हणजे ज्या दोन मिनिटांच्या अंधारासाठी समुद्र ओलांडून माणसे आली, तो अंधार बालाघाटाच्या पठारावरूनही सरकत गेला. परंतु जेऊर, तळणी आणि पुलगाव ही तिन्ही रेल्वेची स्थानके होती. बीडच्या मुलखात तेव्हा लोहमार्ग नव्हता, आणि मुलूख निजामाच्या अमलाखालचा, जिथे जिल्ह्याचा कारभार अव्वल तालुकदाराच्या कचेरीतून उर्दूत चाले. मणामणांची यंत्रे बैलगाडीवर लादून बालाघाट चढण्यापेक्षा स्थानकाशेजारच्या मोकळ्या रानात ती उभारणे सोयीचे, हे उघडच होते.

जेऊरला कॅम्बेल यांनी उभारलेल्या एका यंत्राचा उल्लेख इथे अवश्य केला पाहिजे. तो ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. भिंगाचा व्यास अवघा पाच इंच, पण भिंगापासून प्रतिमा ४० फुटांवर पडत असल्यामुळे सूर्यबिंबाची प्रतिमा सुमारे साडेचार इंच व्यासाची मिळे. प्रतिमा मोठी हवी तर नाभीय अंतर मोठे हवे, आणि नाभीय अंतर मोठे हवे तर नळीही तितकीच लांब हवी, असा हा सरळ हिशेब होता. आणि तो सांभाळण्यासाठी माळावर मनोराच रचावा लागला. आखूड नळीतून लांब नळीचे काम करून घेण्याची युक्ती त्याआधी ६४ वर्षे इंग्लंडात छापून प्रसिद्ध झाली होती, हे ध्यानात ठेवून पुढे जावे.

राजाश्रयाने उभ्या राहिलेल्या वेधशाळाही बीडच्या वाट्याला आल्या नाहीत. पुण्यात भावनगरच्या महाराजांच्या देणगीने उभी राहिलेली आणि नायगमवालांनी १८८८ पासून चालवलेली तख्तसिंगजी वेधशाळा, जिचा २० इंची परावर्तक तेव्हा हिंदुस्थानातील सर्वांत मोठा होता, ती १९१२ साली त्यांच्या सेवानिवृत्तीबरोबर बंद झाली आणि तिची यंत्रे कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीसरशी एक वेधशाळा मिटावी, ही महाराष्ट्राच्या विद्याव्यवहाराला लागलेली मोठी हानी आहे, असे मला मनापासून वाटते. निजामाच्या राज्यात नवाब जफर जंग यांनी १९०१ साली इंग्लंडातून १५ इंची ग्रब दुर्बीण आणून हैदराबादेत फिसल बंडा येथे वेधशाळा स्थापिली. त्यांच्या पश्चात १९०८ मध्ये सरकारने ती आपल्या ताब्यात घेतली, ती निजामिया वेधशाळा झाली, पुढे बेगमपेठेत गेली, आणि आकाशाचे छायाचित्रण करून ताऱ्यांची सूची बनवण्याच्या जागतिक उपक्रमात तिने उत्तम काम केले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड ज्या राज्याचा भाग होता त्या राज्याजवळ अशी दुर्बीण होती. पण ती राजधानीत होती, आणि राजधानी फार लांब होती. १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी अभ्यासकांनी लहान दुर्बिणी हाताळण्याची परंपरा महाराष्ट्रात रुजू लागली. मराठवाड्यातील शाळांपर्यंत आणि तालुक्याच्या गावांपर्यंत दुर्बीण पोहोचली ती याच हौशी वाटेने, सरकारी वाटेने नव्हे. ती अर्थातच लहान होती: ६० किंवा ७० मिलिमीटर व्यासाचे वस्तुभिंग, फार तर ११४ मिलिमीटरचा आरसा.

अशा लहान दुर्बिणीला ज्या माणसाचे सर्वांत अधिक ऋण आहे तो पीटर बार्लो. त्याचा जन्म १७७६ साली नॉर्विच येथे झाला. गणित तो बहुतांशी स्वतःच शिकला आणि १८०१ पासून वूलिच येथील लष्करी विद्यालयात अध्यापक झाला. १८१४ साली त्याने वर्ग, घन, वर्गमूळ, घनमूळ आणि व्यस्तांक यांची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि ती इतकी बिनचूक होती की विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही गणकांच्या टेबलावर त्यांच्या आवृत्त्या असत. लोखंडी सामानामुळे जहाजावरील होकायंत्रात येणाऱ्या दोषावरच्या कामासाठी त्याला १८२५ साली कोप्ले पदक मिळाले. मग तो दुर्बिणींकडे वळला. त्या काळी इंग्लंडात काचेवर जबर अबकारी कर होता, त्यामुळे काच ओतून पाहण्याचे प्रयोग खर्चिक ठरत आणि मोठ्या आकाराची निर्दोष फ्लिंट काच जवळजवळ दुर्मीळच होती; आणि फ्लिंट काचेवाचून रंगदोष नाहीसा करता येत नसे. बार्लोने काचेऐवजी कार्बन डायसल्फाइड हा द्रव भरून भिंग बनवले आणि ते वस्तुभिंगाला चिकटून न ठेवता नळीत बरेच आत बसवले, जेणेकरून त्याचा आकार लहान राहावा. महाग वस्तूचा अभाव बुद्धीने कसा भरून काढावा याचा हा नमुना आहे, आणि यंत्राध्याय वाचलेल्या मनुष्याला तो परका वाटू नये.

या प्रयोगांनंतर आले ते ‘बार्लो’ याच नावाने आजही विकले जाणारे भिंग. १८३४ साली रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत बार्लोने त्याचे तत्त्व मांडले, आणि त्याच वर्षी लंडनचा प्रसिद्ध भिंगकार जॉर्ज डोलंड याने ते प्रत्यक्ष घडवल्याचा वृत्तान्त दिला. त्याचे मूळ प्रयोजन फार नाजूक होते. जोडताऱ्यांमधले अंतर मोजण्यासाठी नेत्रभिंगापुढे कोळ्याच्या धाग्यासारख्या बारीक तारा ताणलेले सूक्ष्ममापक बसवीत. पण अधिक वर्धनासाठी तीव्र नेत्रभिंग लावले की ताऱ्यांबरोबर त्या ताराही जाड दिसू लागत आणि मोजणी फसे. तारांच्या अलीकडे, म्हणजे वस्तुभिंगाच्या बाजूला, अंतर्गोल भिंग घातले तर आकाशातली प्रतिमा मोठी होते, तारा मात्र जशाच्या तशा बारीक राहतात. डोलंडने हे भिंग विल्यम रटर डॉझ या धर्मोपदेशकाला करून दिले. डॉझ जोडताऱ्यांचा असामान्य निरीक्षक होता. याच माणसाने पुढे १८६७ मध्ये दुर्बिणीच्या भेदनशक्तीचा जो नियम सांगितला तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. बार्लोच्या भिंगाचा पहिला निष्णात उपयोग करणारा आणि त्याच्या उपयोगाची सीमा आखून देणारा मनुष्य एकच असावा, हा योग मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो.

या भिंगाचे कार्य असे आहे. वस्तुभिंगातून आलेले किरण एका बिंदूकडे अभिसरण पावत असतात. ते बिंदूला पोहोचण्यापूर्वीच त्यांच्या वाटेत अंतर्गोल भिंग आले की त्यांचे अभिसरण मंदावते, शंकू निमुळता होतो आणि किरण जरा पुढे जाऊन एकत्र येतात. त्या निमुळत्या शंकूवरून पाहिले तर तो जणू दुप्पट लांबीच्या नळीतूनच आला आहे. जेऊरच्या माळावर ४० फूट लांबीच्या बांधणीने जे साधले त्याच जातीचे कार्य इथे बोटाएवढ्या नळकांड्यात साधते. दुर्बिणीचे वर्धन म्हणजे वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रभिंगाच्या नाभीय अंतराने भागून येणारी संख्या. म्हणून ७०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २० मिलिमीटरचे नेत्रभिंग ३५ पट वर्धन देते आणि मध्ये दुप्पट करणारा बार्लो घातला की ७० पट. १० मिलिमीटरच्या नेत्रभिंगाने ७०, बार्लोसह १४०. दोन नेत्रभिंगे आणि एक बार्लो एवढ्या सामग्रीत निरनिराळी वर्धने हाती येतात. शिवाय बार्लो आणि नेत्रभिंग यांच्यातले अंतर वाढवले की वर्धनही दुपटीच्या पुढे सरकते. म्हणून काटकोनी आरशाच्या आधी बार्लो बसवणारे आणि नंतर बसवणारे यांना एकाच भिंगातून भिन्न परिणाम मिळतात.

याहून मोठा लाभ डोळ्याच्या सुखाचा आहे, आणि त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. साधे, स्वस्त, चार-पाच मिलिमीटरचे नेत्रभिंग घेतले तर त्याचे छिद्र दाभणाने पाडल्यासारखे असते आणि पापणी काचेला टेकेपर्यंत डोळा जवळ न्यावा लागतो. चष्मा लावणाऱ्या वृद्धाला किंवा प्रथमच दुर्बिणीपाशी आलेल्या लहान मुलीला त्यातून काही दिसत नाही, आणि संकोचाने ती दोघेही ‘दिसले’ म्हणून बाजूला होतात. बार्लो लावला की तेच वर्धन १० मिलिमीटरच्या मोकळ्या नेत्रभिंगातून, डोळा सुखाने ठेवून मिळते. खेड्यातील शाळेच्या पटांगणात शंभर जणांना शनी दाखवायचा असेल, तर मला हा गुण भेदनशक्तीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मर्यादा मात्र कठोर आहेत. बार्लो प्रकाश वाढवीत नाही. वर्धन दुप्पट झाले की प्रतिमेचे क्षेत्रफळ चौपट होते आणि तेवढाच प्रकाश त्या चौपट क्षेत्रावर पसरतो. भाकरी मोठी थापली म्हणून तूप वाढत नाही, तसेच हे. मृगातला तेजोमेघ किंवा देवयानी दीर्घिका बार्लोने अधिक स्पष्ट न होता अधिक पुसट होते, म्हणून हे भिंग चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांच्यासाठी राखून ठेवावे. दुसरी मर्यादा डॉझच्या नियमाची. त्याच्या हिशेबाने ७० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण सुमारे १.७ विकलांपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवू शकत नाही. मग वर्धन कितीही वाढवा, अस्पष्टताच मोठी होते. व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट, म्हणजे ७० मिलिमीटरला १४० पट, ही व्यवहारातली सीमा. असे असता काही पेट्यांवर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते: ७०० मिलिमीटरला चार मिलिमीटरच्या नेत्रभिंगाने भागायचे आणि तिप्पट करणाऱ्या प्लास्टिकच्या बार्लोने गुणायचे. गुणाकार खरा आहे. दृश्य मात्र त्यातून काहीच मिळत नाही, आणि वडिलांनी काटकसर करून आणलेली दुर्बीण आठवड्याभरात माळ्यावर जाते. मुलांच्या जिज्ञासेशी केलेला हा व्यवहार अन्यायाचा आहे, आणि तो उघडपणे सांगितला पाहिजे.

तिसरी मर्यादा हवेची व पृथ्वीच्या गतीची. बीडच्या पठारावर चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेला खडक रात्री दहापर्यंत उष्मा सोडत असतो. त्या वेळी १४० पट वर्धनातला गुरू पाण्याखाली धरल्यासारखा हालतो, आणि त्याच रात्री मध्यरात्र उलटल्यावर स्थिर होतो. पावसाळा सरल्यानंतरचे आश्विन-कार्तिक हे इथले उत्तम महिने. पृथ्वीच्या भ्रमणामुळे अर्ध्या अंशाच्या क्षेत्रातून विषुववृत्तानजीकचा ग्रह सुमारे दोन मिनिटांत पार होतो. बार्लो लावला की ते क्षेत्र निम्मे होते आणि वेळही निम्मा. घड्याळाची गती नसलेल्या, जरा धक्क्याने थरथरणाऱ्या तिवईवर हे सांभाळणे कौशल्याचे काम आहे. म्हणून आधी बार्लोवाचून ग्रह मध्यभागी आणावा आणि मगच भिंग चढवावे. उलट अक्षांशाचा लाभ इथे मोठा आहे: ध्रुव क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर, ग्रह जवळजवळ डोक्यावरून जाणारे, आणि दक्षिणेला अगस्त्य व वृश्चिकाची पूर्ण शेपूट सहज दिसणारी. इंग्लंडातील डॉझला हे दक्षिण आकाश घरून कधीच पाहता आले नाही.

आता एक निरीक्षण विस्ताराने सांगतो. विवाहविधीत वधूवरांना अरुंधती दाखवण्याची रीत मराठवाड्यातही आहे. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्याला, वसिष्ठाला, लागून असलेली ही फिकट तारका त्याच्यापासून सुमारे १२ कलांवर आहे आणि चांगल्या दृष्टीला ती सुटी दिसते. दुर्बिणीच्या आरंभकाळी, सतराव्या शतकातच, कळून आले की वसिष्ठ स्वतःही एकटा नाही. त्याच्यापासून अवघ्या १४ विकलांवर एक दुसरा तारा आहे, जो डोळ्यांना कधीही वेगळा दिसणार नाही. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ३५ पट वर्धनाने ही जोडी चिकटल्यासारखी पण सुटी दिसते. बार्लो चढवून ७० पट केले की दोघांमधले अंतर १६ कलांहून अधिक भासू लागते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना वसिष्ठ आणि अरुंधती जितके दूर दिसतात त्याहूनही थोडे जास्त. ज्या अंतरावर पिढ्यान्‌पिढ्या दृष्टीची परीक्षा घेतली गेली तेच अंतर हे भिंग त्या ताऱ्याच्या पोटात उघडून दाखवते. चंद्र नसलेल्या वसंतातल्या रात्री हे दृश्य पाहणाऱ्याला गुरूचेही आश्चर्य वाटेनासे होते. आणि गुरू तरी काय, त्याचे ४४ विकलांचे बिंब ७० पट वर्धनाने नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राहून मोठे, पट्ट्यांसहित, समोर उभे राहते.

विकत घेताना मात्र डोलंडने काय केले होते ते स्मरावे. त्याचे भिंग एकाच काचेचे नव्हते; क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचा जोडून रंगदोष घालवलेले ते होते, आणि बार्लोने आपल्या निबंधात आग्रह धरला तोही याच गुणाचा. आज थोड्या अधिक किमतीत असे दोन काचांचे, धातूच्या नळकांड्यातले, दुप्पट करणारे बार्लो मिळतात. पेटीत फुकट येणारे प्लास्टिकचे तिप्पट करणारे भिंग त्यांची जागा घेऊ शकत नाही. पारख करणे सोपे आहे. अष्टमीच्या चंद्राची उजळ कड प्रथम १० मिलिमीटरच्या नेत्रभिंगातून नीट पाहावी, मग तेच ७० पट वर्धन २० मिलिमीटरच्या नेत्रभिंगाला बार्लो जोडून मिळवावे आणि तीच कड पुन्हा पाहावी. दुसऱ्या वेळी कडेवर निळसर-जांभळी झालर वाढलेली दिसली, किंवा विवरांच्या सावल्या राखाडी झाल्या, तर ते भिंग परत करावे. दोन्ही दृश्ये सारखीच काळीपांढरी दिसली, तर निःशंक ठेवून घ्यावे आणि शाळेच्या जडसंग्रह वहीत त्याची नोंद करावी.